बायांचं फिजिक्स

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. पुढच्या बाजूला पिठाची गिरणी, तिला लागून मिरची कुटायचा डंक आणि या दोन्हींच्या पाठीमागे दोन खोल्या, त्यात आम्ही. सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, की आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीचं बटण दाबायचे आणि तिथून जेवणाच्या वेळेपर्यंत घराच्या भिंती थरथरत राहायच्या. फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला यायची आणि अव्वा, म्हणजे माझी आई, येता-जाता त्यांना मागं ढकलायची. सगळ्यांच्याच घरात भांडी अशी चालतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पहिल्यांदा एका मैत्रिणीकडे जेवायला गेले आणि तिथल्या फळीवरचे डबे जेवण होईपर्यंत जागचे हलले नाहीत, तेव्हा मला त्या घराची काळजीच वाटली होती.

गिरणीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि एकदा ओरडायची सवय लागली की गिरणी बंद असली तरी ती सुटत नाही. ‘मीठ वाढ’ हेसुद्धा आम्ही कोपऱ्यावरच्या तालमीत ऐकू जाईल असं म्हणायचो. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट गल्लीला कळायला चोंबड्या माणसाची गरज लागत नसे, आम्ही ती स्वतःच जाहीर करत असू. अगदीच खाजगी काही असलं तर अव्वा कानडीत बोलायची, तिचं माहेर निपाणीकडचं. पण कानडीही ती ओरडूनच बोलायची, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना कानडी येत होती.

आप्पांच्या कानांची तऱ्हा आणखी वेगळी. पोरवयापासून त्या दगडांशेजारी उभं राहून त्यांचे कान कामातून गेले होते. तरीही गिरणी चालू असताना त्यांना सगळं समजायचं. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत ‘भाकरीचं का आंबिलीचं, बारीक का जाड’ हे त्यांना कळलेलं असायचं. गिरणी बंद झाली, सगळीकडे शांत झालं, की मात्र तेच आप्पा कानाला हात लावून ‘आँ?’ करायचे. गिरणीवाल्याला आवाजातच ऐकू येतं, असं लोक थट्टेनं म्हणत. मला ती थट्टा वाटायची नाही. मी डब्यांच्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत राहायचे आणि हे असं कसं होतं याचा विचार करायचे. त्यातलं बरंचसं कारण मला आज ठाऊक आहे. ते कानांनी ऐकतच नव्हते, ओठ वाचत होते. मोठ्या आवाजात माणसं तोंड भरून शब्द उच्चारतात, शांतता झाली की ओठांतल्या ओठांत बोलायला लागतात. एवढी साधी गोष्ट समजायला मला एम.एस्सी. करावी लागली. आता माझेही कान साठीकडे झुकलेत, आणि घरात कुणी पुटपुटायला लागलं की मी मिक्सर लावायचा विचार करते.

उन्हाळ्यात डंकाचा हंगाम. गडमुडशिंगीपासून माणसं मिरच्यांची पोती घेऊन यायची आणि दिवसभर धाड धाड धाड असा ताल चालायचा. हवेत तिखट तरंगत असे. अख्खी गल्ली शिंकायची आणि शिंकताना आमच्या घराण्याचा उद्धार करायची. अव्वा त्या दिवसांत शेंगाच्या पोळ्या करायची, डोळ्यांतून पाणी गाळत लाटलेल्या. पुढं आयुष्यात मी चांगल्या चांगल्या ठिकाणी शेंगाची पोळी खाल्ली, पण लाटणारीच्या डोळ्यांत पाणी नसलं की मला ती अळणी वाटते.

या अशा आवाजात आणि धुरळ्यात मी बी.एस्सी. झाले, आणि पुढं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. माझी पंचाईत सांगायची तर रंकाळा तलावापासून सुरुवात करावी लागेल. पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला सरांनी रंकाळ्यातून पाणवनस्पती आणून तिचं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. एकेका पेशीत बारके हिरवे दाणे होते आणि ते एकामागोमाग एक कडेकडेनं फिरत होते, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. मुली बघून उठल्या, मी उठेना. मी सरांना विचारलं की यांना ढकलतंय कोण. सर म्हणाले, ढकलण्याबिकलण्याचं ते फिजिक्सवाल्यांना विचार. मी फिजिक्सच्या सरांकडे गेले, तर ते म्हणाले, पानाचं आहे ना, मग बॉटनीवाल्यांना विचार. तीन वर्षं मी या दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात घालवली म्हटलं तरी चालेल. दोन्ही विषय धरून ठेवले, दोन्हीकडे सावत्र ठरले, आणि आता एम.एस्सी.ला कुठला तरी एकच घ्यायचा होता.

माझी इच्छा विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं, कारण गल्लीला माझ्याहून जास्त इच्छा होत्या. गिरणीत डबा ठेवून बसलेलं प्रत्येक माणूस माझ्या पुढच्या शिक्षणावर बोलायचं. अव्वाचा भाऊ, मुरगूडचा मामा, शाळामास्तर होता. त्याचं म्हणणं केमिस्ट्री करावी. आमच्या भागात केमिस्ट्री केलेलं पोर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटायचं आणि मग जन्मभर उसाचा रस तपासायचं, ही सर्वांत सुखाची गोष्ट समजली जाई. बॉटनीला आप्पांचा विरोध नव्हता, पण झाडपाला शिकायला पैसे कशाला भरायचे, शेतात जाऊन उभं राहा की, असं त्यांना वाटे. फिजिक्सचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. एकदा मोटार दुरुस्त करताना विजेनं आप्पांना उचलून ज्वारीच्या पोत्यांवर फेकलं होतं, तेव्हापासून फिजिक्सशी त्यांचं वैर. ‘ते बायांचं काम न्हवं,’ एवढंच ते म्हणायचे. शिवाय काहीही शिकायचं ते कोल्हापुरात. कोल्हापूरच्या बाहेर पोरगी पाठवायची नाही, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की त्यावर ओरडायचीही वेळ आली नव्हती.

शेवटी फिजिक्सच्या सरांनाच माझी दया आली. एक दिवस सायकल स्टँडवर त्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, तुझं दुखणं काय आहे ते मला कळलंय, त्याला बायोफिजिक्स म्हणतात. पुण्याच्या विद्यापीठात आहे, अर्ज कर. मी सायकल धरून तशीच उभी राहिले. ज्या दोन खोल्यांच्या मधे मी तीन वर्षं उभी होते, त्या मधल्या जागेलाच नाव होतं आणि तिथं शिकवायला माणसं होती. मी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं, आणि आता आप्पांना सांगणं भाग होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुढचं आयुष्य उसाच्या रसात जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सांगण्यासाठी मी गिरणी चालू असतानाची वेळ निवडली, कारण तेव्हाच त्यांना नीट कळायचं. दोन्ही यंत्रं चालली होती, डब्यांची रांग लागली होती, रांगेत पुढं मुडशिंगीची हिराक्का होती. ही बाई आमच्या गल्लीत रतीब घालायची आणि दूध देऊन झालं की ज्वारी दळून घ्यायला बसायची. आप्पा वाकून पट्टा बघत होते. मी छाती भरून घेतली आणि ओरडले, “आप्पा, मला पुण्याला जायाचंय, बायोफिजिक्स करायचंय.” मी ‘पुण्याला जायाचंय’पर्यंत आले आणि लाईट गेली. गिरणी थांबली, डंक थांबला, आणि एकदम शांत झालेल्या गल्लीत माझं उरलेलं वाक्य एकटंच बाहेर पडलं. तालमीच्या पायरीवरची पोरं उठून उभी राहिली. समोरच्या माडीवरच्या बायका खिडकीत आल्या. ज्यांना ऐकू जायला हवं होतं ते तेवढे मान वर करून म्हणाले, “आँ?”

आप्पांच्या कानात सांगायचं काम हिराक्कानं उचललं. तिचा आवाज गावच्या वेशीतून म्हशी परत बोलवायचा आवाज होता. ती त्यांच्याजवळ गेली, दोन्ही हातांचं भोंगाडं केलं आणि म्हणाली, “पोरगीला पुण्याला जाऊन बायांचं फिजिक्स शिकायचंय म्हणं.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग हिराक्काकडे बघितलं. “बायांचं येगळं असतंय व्हय?”

“आता निगालं आसंल की,” हिराक्का म्हणाली. “समदंच निगाल्यालं हाय आता.”

आप्पांचा चेहरा असा मोकळा झालेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. आतापर्यंत त्यांच्यापुढे बायांसाठी नसलेलं फिजिक्स होतं. आता बायांचं निघालं म्हटल्यावर भांडण मिटलंच होतं. बायांचं म्हणजे वर्गात बाया, शिकवणाऱ्या बाया, राहायची सोय बायांची. करंटसुद्धा बेताचाच असणार. मुलगी पुण्याला गेली तर काय बिघडलं. ही बातमी लाईट येण्याच्या आत रंकाळवेशीपर्यंत पोचली असावी, कारण संध्याकाळी मी भाजी आणायला गेले तर भाजीवालीनं मला विचारलं की त्यात मुलंबाळं झालेल्यांना घेतात का.

त्यानंतरचे काही दिवस अख्खी गल्ली माझा अभ्यासक्रम ठरवत होती. कुकरची शिट्टी कशी होते, मिक्सर मधेच का बंद पडतो, इस्त्रीचा शॉक का बसतो, हे त्यात असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं. तालमीतली पोरं मी दिसले की चुलीतला जाळ वरच का जातो असं विचारायची. हिराक्का म्हणाली, म्हस धार काढताना दूध का चोरती त्येवढं शिकून ये, मी जन्मभर तुला फुकट दूध घालीन. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पुढं माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या अभ्यासक्रमात बायोफिजिक्सच्या जवळचा प्रश्न तेवढा हिराक्काचा होता, आणि त्याचं उत्तर अजून मला तिला पटेल असं देता येणार नाही.

गैरसमज दूर करायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. लाईट गेली त्या दिवशीच संध्याकाळी, गिरणी बंद झाल्यावर आप्पा पायरीवर बसून केसांतलं पीठ झटकत होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, “आप्पा, बायो म्हंजे बाया न्हवं. बायो म्हंजे जीव.”

“मग बाईत जीव नसतोय व्हय?” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, तर त्यांनी गिऱ्हाइकांसमोरच मला समजावलं की बाई म्हणजे घराचा जीव, त्यामुळं हा विषय बायांचाच असणार, नाव ठेवणारा माणूस शहाणा दिसतोय. रांगेतल्या बायांनी माना डोलावल्या. मी हताश होऊन स्वयंपाकघरात गेले तर अव्वा परातीत पीठ मळत बसली होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं, आणि तिला सगळं कळलेलंही होतं. तिनं मान वर न करता एकच शब्द उच्चारला, “सुम्निर.” गप्प राहा. मी म्हटलं, अगं पण खोटं पडेल ते. तर ती म्हणाली, “तू दोनदा सांगितलंस. ऐकणाऱ्यानं ऐकलं न्हाय तर सांगणाऱ्याचा काय दोष?” आणि पहिल्यांदाच ती हे इतकं हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

मुलाखतीला आप्पा स्वतः आले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, कानांच्या पाळीमागे मात्र पीठ राहिलेलंच. ते कितीही धुतलं तरी निघत नसे. बरोबर एका पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पोळ्या, दुसऱ्या पिशवीत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, तिथल्या मोठ्या बाईंना द्यायला. मोठ्या बाई असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पहाटेच्या एसटीत ते सगळ्या रस्ताभर खुशीत होते. मी मात्र खिडकीला डोकं टेकून बसले होते. तिथं पोचल्यावर सगळं उघडं पडणार आणि संध्याकाळच्या एसटीनं मी केमिस्ट्रीकडे परतणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

विभागाचा व्हरांडा देवळासारखा गार आणि शांत होता. बाकावर उमेदवार बसले होते, आणि माझ्याशिवाय ते सगळे मुलगे होते. आप्पांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. मग शेजारच्या टाय लावलेल्या मुलाला, आमच्या घरातल्या नेहमीच्या आवाजात, विचारलं की भनीला सोडाय आलाय काय. सगळा व्हरांडा दचकला. तो बिचारा म्हणाला, नाही, मुलाखत माझीच आहे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी तेच मोठ्यानं सांगितलं. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला दिसत होतं. बायांचं फिजिक्स शिकायची पाळी यावी, म्हणजे पोरावर काय प्रसंग ओढवला असेल. त्यांनी पिशवी उघडली आणि त्याला एक शेंगाची पोळी दिली. दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला दिली. मुलाखतीच्या धास्तीनं पांढरीफटक पडलेली ती मुलं कागदपत्रं मांडीवर ठेवून पोळ्या खायला लागली.

तरी त्यांना शंका आलीच. दारावरच्या शिपायाला त्यांनी हात केला, “पावणं, हे बायांचं फिजिक्स न्हवं का?”

शिपाई पुण्याचा. त्यानं शांतपणे सांगितलं, “हो, बाईंचंच. बाई आतच आहेत. इथं सगळं बाईंच्याच हातात असतं.” विभागाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या आणि त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, हे मला तेव्हा कळलं. आप्पांना फक्त शिपायाचे ओठ दिसले आणि त्यांनी समाधानानं मान हलवली. नेमकं त्याच वेळी माझं नाव पुकारलं.

आत टेबलामागे चार जण होते, मधे बाई. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि आवाज इतका हळू की मला त्यांच्या ओठांकडे बघून ऐकावं लागलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत बाहेरून आप्पांचा आवाज आला, कुणाला तरी आणखी चटणी घ्यायचा आग्रह चालला होता. बाईंनी विचारलं, “बाहेर कोण ओरडतंय?” मी म्हटलं, माझे वडील. “भांडतायत का?” मी म्हटलं, नाही, गिरणी आहे आमची. “इथं?” मी म्हटलं, नाही, कोल्हापूरला. टेबलामागचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग बाईंनी विचारलं की हाच विषय तुला का हवा. मी उत्तर पाठ केलेलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते आप्पांच्या कानांबद्दल.

“मी लहानपणापासनं बघत आलोय,” मी म्हटलं, “गिरणी चालू आसली की त्यास्नी ऐकू येतंय, बंद केली की येत न्हाय.”

“आलोय?” बाई म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. क्रियापदाला बाई आणि बुवा वेगळे कळत नाहीत. मी जीभ चावली आणि ‘आलेय’ म्हणून दुरुस्ती केली. बाई म्हणाल्या, “राहू दे, तसंच बोल. तर मग, हा प्रश्न जीवशास्त्राचा की भौतिकशास्त्राचा?”

“त्येच ठरवता येईना,” मी म्हटलं, “म्हणून हितं आलोय.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, वडिलांना आत बोलाव.

आप्पा तांदळाची पिशवी घेऊन आत आले, ती टेबलावर ठेवली, हात जोडले. बाई त्यांच्याशी बोलू लागल्या, पण त्या इतक्या हळू बोलत की ओठ जेमतेम हलायचे, आणि आप्पांना काही म्हणता काही कळेना. ते माझ्याकडे वळले. बाईंनीही मला सांगितलं, “तूच सांग त्यांना. वर्ग मुलांचा आहे. आत्ता दुसऱ्या वर्षाला एकच मुलगी आहे, तू आलीस तर दोघी व्हाल. त्यांना हे चालणार आहे का, ते विचार.” म्हणजे पुण्याच्या त्या खोलीत बाई काय म्हणाल्या हे आप्पांना माझ्याच तोंडून कळणार होतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. अव्वाचं ‘सुम्निर’ माझ्या कानात वाजत होतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या आणि आप्पाही, दोघंही माझ्या ओठांकडे.

“आप्पा,” मी ओरडले, “हे बायांचं न्हाय. पोरांचा वर्ग हाय. पोरगी एकच हाय, मी आलो तर दोन. बाई इचारत्यात, चालंल काय तुमास्नी?”

बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. मला वाटलं संपलं, आता आप्पा पिशवी उचलतील. ते बाईंकडे वळले आणि त्यांनी विचारलं, “बाई, तुमी शिकलासा तवा किती होतासा?”

बाईंनी एक बोट वर केलं. एकटीच.

“आनि आता ह्या समद्या पोरास्नी कोन शिकिवतंय?”

बाईंनी तेच बोट स्वतःकडे वळवलं. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “मग बायांचंच झालं की.”

बाई तेव्हा हसल्या, आणि त्यांचं हसणं आम्ही बोलतो त्या आवाजात होतं. मला प्रवेश मिळाला. घनसाळ तांदूळ बाई घ्यायला तयार नव्हत्या, पण आप्पांना ते ऐकू आलं नाही. परतीच्या एसटीत मी भीत भीत विचारलं की घरी मी दोनदा सांगितलं होतं, ते कळलंच नव्हतं का. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. सातारच्या पुढं कुठंतरी ते आपण होऊन म्हणाले की ती पोरं चांगली हायत, पोळी खाऊन बोटं चाटत होती.

पुण्याला गेल्यावर पहिले काही महिने मला शांततेमुळं झोप यायची नाही. नंतर सगळं जमलं, आणि त्या हिरव्या दाण्यांना कोण ढकलतं हेही एकदाचं कळलं, त्याबद्दल मी इतरत्र लिहिलं आहे. इथं मला लिहायचं आहे ते पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीचं, कारण आप्पा मला खऱ्या अर्थानं कळले ते तेव्हा.

मी कोल्हापूरला आले तर डंकाचा हंगाम ऐन भरात. आमच्या पलीकडच्या घरात रशीदाबी राहायची, शिवणकाम करायची. तिची मुलगी शबाना त्या वर्षी बी.एस्सी. झाली होती, हुशार, माझ्यापेक्षा पुष्कळ. रशीदाबीचा नवरा वारलेला, आणि घरात शब्द चालायचा तो दिराचा. पोरगीला पोरांच्या वर्गात आणि तेही परगावी पाठवणार नाही, असं दिरानं सांगून ठेवलं होतं. आदल्याच दिवशी रशीदाबीनं मला घरात बोलावून खीर खायला घातली आणि पुण्याची सगळी चौकशी केली. मी सगळं खरं सांगितलं. वर्गात मुलं किती, सगळ्या विभागात मुली दोनच, वसतिगृह कुठं, प्रयोगशाळेत उशीर होतो तेव्हा कोण सोडायला येतं. तिनं बारकाईनं ऐकून घेतलं आणि मला आणखी एक वाटी खीर वाढली.

दुसऱ्या दिवशी ती गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली, आणि तिच्यामागं मिरच्यांचं पोतं उचलून तो दीर. लाईट नुकतीच आली होती, आप्पा गिरणी सुरू करायच्या बेतात होते. रशीदाबीनं डबा खाली ठेवला आणि दिराला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, एकेक शब्द उच्चारत विचारलं, “आप्पा, तुमच्या पोरीचं ते फिजिक्स बायांचंच हाय न्हवं?”

“बाईंचंच,” आप्पा म्हणाले. “समदं बाईंच्याच हातात हाय तितं. मी सोत्ता बघून आलोय. आत गेलतो मी.”

दिरानं पोतं खाली ठेवलं. “म्हंजे पोरं न्हाईत?”

मला काही सुधरलं नाही. रशीदाबीला तर मी कालच सगळं सांगितलं होतं, मग ही पुन्हा का विचारते, आणि आप्पा हे काय सांगतात? चूक दिसली की दुरुस्त करायची माझी खोड जुनीच. मी पुढं झाले आणि तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे, माझ्या ओठांकडे पाहिलं. तिथं कुठला शब्द येऊ घातलाय हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

त्यांनी बटण दाबलं.